अप्पांनी काढलेलं घड्याळ

स्मरणशक्तीच्या तपासणीत डॉक्टरांनी अप्पांना कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. "मला पुन्हा बालवाडीत घालताय होय?" म्हणत अप्पांनी ते काढलं. आकडे एका बाजूला दाटले, काटे मात्र अचूक बसले.

घरी आल्यावर दादाने वृद्धाश्रमाचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. "काल पुन्हा गॅस चालू राहिला. माझी सही झालीय, आता तुझी."

शेजारी अप्पांचा कागद होता. त्यातले काटे एक वाजल्याचं दाखवत होते. भिंतीवरही एकच वाजला होता.

मी दवाखान्यात या कागदाचा काढलेला सकाळचा फोटो फोनमध्ये पाहिला. त्यात अकरा दहाच होते. कागदावर कुठेही खाडाखोड नव्हती. मी नजर न हलवता बघत बसले. एकही रेघ सरकताना दिसली नाही, तरी सव्वा वाजला.

"दादा, हे बघ ना."

त्याने पाहिलंही नाही. "विज्ञान शिकलेली तू, आणि सही टाळायला असले बहाणे?"

आतल्या खोलीतून अप्पांनी विचारलं, "काय ठरलं गं, पोरी?"

मी सही केली. तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

आता बाहेर अंधार पडलाय. अप्पांनी पुन्हा काही विचारलेलं नाही. कागदावर अजून एक वाजून वीस मिनिटंच आहेत.