काळी चारचा तबला

आखडलेल्या बोटांनी नरहरबुवा मोबाइलवर पिन टाकत होते. त्यांनी ऑनलाइन विकायला काढलेला तबला घेणारा फोनवरून घाई करत होता, "काका, पिन टाका, की पैसे तुमच्या खात्यात!"

शेवटच्या आकड्यापाशी बुवा थबकले. वाजवणारा माणूस आधी सुराची पट्टी विचारतो. यानं तर घासाघीससुद्धा केली नव्हती.

"तबला कुठल्या पट्टीचा हवाय?"

"कुठलाही चालेल हो!"

"मग पत्र्याचा डबा बडव!" बुवांनी फोन कट केला. अर्धवट टाकलेला पिन पुसून टाकला.

संध्याकाळी एका बाईंचा फोन आला. "तबला काळी चार पट्टीचाच आहे ना? जरा ऐकवता?"

बुवांनी फोन शेजारी ठेवून थाप दिली.

"किंचित उतरलाय हो," बाई म्हणाल्या.

बुवांचा जीव भांड्यात पडला.