हळू मारलेली हाक

दुपारी वीज गेली तेव्हा ताराचंदचा अर्धा आवाज वायरीच्या अलीकडे होता आणि अर्धा पलीकडे.

अलीकडे मोहाडीतल्या बंद होत असलेल्या कॉम्प्युटर क्लासचं जुनं मशीन. पलीकडे त्याच्या बायकोनं, शालूनं, जुन्यातला घेतलेला लॅपटॉप. क्लासचा मास्तर चंद्रकुमार हा ताराचंदचा सख्खा भाचा. तो खिडकीशी उभा राहून लाइन यायची वाट पाहत होता. मशीन विकत घेतलेला माणूस बाहेर टेम्पोत बसून हॉर्न वाजवत होता.

ताराचंद खुर्चीत बसला होता. गळ्याच्या खळगीत बसवलेल्या नळीतून नुसता श्वास जायचा-यायचा. ऑटोवर भोंगा बांधून बाजारोबाजारी पुकारा करणारा माणूस, पण तंबाखूचा खर्रा सुटला नाही आणि गळा गेला. ऑपरेशनच्या आधी भाच्यानं त्याला माइकसमोर बसवलं, घरात रोज लागणारे शब्द आणि घरच्यांची नावं त्याच्याकडून बोलून घेतली. आता फाइलीच्या नावावर टिचकी मारायची आणि लॅपटॉपनं त्याच्या जागी बोलायचं, एवढंच उरलं होतं.

आणि ते आजच हवं होतं. त्याची लेक गुड्डी काल दवाखान्यातून परभारे माहेरी आली होती, रिकाम्या हातानं. सातव्या महिन्यातच बाळ गेलं होतं. आल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. शालू समजावून समजावून थकली. ताराचंद दारापर्यंत जायचा आणि तिथूनच परत फिरायचा.

लाइन आली. चंद्रकुमारनं मशीन चालू केलं, वायर पुन्हा दाबून बसवली.

"मामाजी, पयलेपासून लावतो. मधातच तुटलं होतं."

नावं एकामागून एक सरकू लागली. मग लॅपटॉप थांबला आणि त्यानं काहीतरी विचारलं.

"काय म्हणून राहिला तो?" शालूनं विचारलं.

"काही नाही मामीजी. लाइन जायच्या आधी ज्या फाइली आल्या होत्या, त्याच पुन्हा येऊन राहिल्या. जुनी पुसून नवी ठेवू का म्हणते."

त्यानं सगळ्यांनाच एकदम 'हो' म्हणून टाकलं. पट्टी शेवटपर्यंत भरली. त्यानं 'पाणी' या नावावर टिचकी मारली.

"पाणीऽऽ!"

खिडकीची काच थरथरली. शालूनं पदर तोंडावर धरला. कित्येक महिन्यांनी नवऱ्याचा आवाज तिच्या कानी पडला होता. ताराचंद खुर्चीतून अर्धा उठला, आणि त्याचे डोळे असे चमकले, की चंद्रकुमारला आणखी काही पाहायची गरजच वाटली नाही. लोकांचे फोटो, कागद त्या मशीनमध्ये होते, ते तसंच कसं द्यायचं? त्यानं जुनी डिस्क कोरी करायला लावली. ती झाली, टेम्पोवाला आत आला आणि मशीन उचलून घेऊन गेला.

मग ताराचंदनं भाच्याचा दंड धरला. पंजा पालथा करून हवेत खाली खाली नेला. हळू. हळू बोललेलं लाव.

चंद्रकुमारनं 'गुड्डी' शोधलं. इंग्रजी लहान अक्षरांतलं होतं, तेच हळू बोललेलं. त्यानं टिचकी मारली.

"गुड्डीऽऽ!"

त्यानं पुन्हा मारली. पुन्हा तेच. मग त्यानं एकेक नाव उघडून पाहिलं, आणि पाहता पाहता त्याचा चेहरा उतरत गेला.

"काय झालं रे?" शालू म्हणाली.

"मामाजीनं प्रत्येक शब्द दोनदा बोलला होता मामीजी. एकदा हळू, एकदा जोरानं. नाव एकच, पण हळूवाला लहान अक्षरात ठेवला, जोराचा मोठ्या अक्षरात." त्यानं पडद्याकडे बोट केलं. "क्लासच्या मशीनवर लिनक्स होतं, त्याले हे दोन वेगळे दिसते. लॅपटॉपवरच्या विंडोजले नाही दिसत. त्याले वाटलं, दोनी एकच. हळूवाल्यावर जोराचा बसला. अन् मी हो म्हणून देल्लं."

"मंग त्या मशीनमधून..."

"ते मी पुसलं ना."

तरी तो रस्त्यापर्यंत धावत गेला. टेम्पो केव्हाच गेला होता, आणि असता तरी त्यात काही नव्हतं. परत येऊन तो पायरीवर बसला. ताराचंद आला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि लॅपटॉप काखेत धरून घराकडे चालू लागला.

गुड्डी तशीच पडली होती. खाटेच्या काठावर बसून त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला. आवाज कमी करायचं बटण दाबत दाबत तो शेवटच्या खुणेपर्यंत आला. कान लावून ऐकावं इतका बारीक. मग त्यानं तिच्या नावावर बोट ठेवलं.

आवाज बारीक होता, पण हाक तीच होती. बाजाराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारी, गर्दीत लेकरू हरवल्यावर घालावी तशी.

गुड्डीचे खांदे दचकले.

"काहून चिल्लावता बाबा?" ती भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली. "इथंच तं आहो मी."