निर्जळी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, नळाला मात्र पाणी नव्हतं. त्या दुष्काळात माझा भाऊ रामकिशन आपला टँकर भरून थेट आमच्या दारात घेऊन आला. मी त्याला ओवाळलं आणि त्याच पाण्याचा पहिला तांब्या पुढं केला.

"न्हाई अक्का, आज माझा निर्जळी उपवास हाय."

जन्मात उपवास न धरलेला माझा भाऊ! मला भरूनच आलं. मग लेकरांसकट आम्ही पोटभर प्यालो.

संध्याकाळी घागरीच्या तळाशी काळ्या रबराचा तुकडा निघाला. कारखान्यावरून आलेल्या ह्यांनी तो हातात घेतला, हुंगला.

"ॲसिडनं पत्रा खाऊ नये म्हणून ॲसिडच्या टँकरला आतून लावतेत हे. रामकिशनच्या टँकरला आमच्या कारखान्यात मीच लावलं व्हतं."



इतका कडक निर्जळी मलाही कधी जमला नव्हता.