पलीकडचं घरटं

"हिच्यातूनपण नाही दिसत," तात्या म्हणाले आणि कॅमेऱ्यावरचा डोळा काढला.

कुशल, म्हणजे त्यांचा पुतण्या, ती लेन्स मुंबईहून घेऊन आला होता. मांडव्यापर्यंत बोट, पुढे तीन एसट्या, आणि दिघीपर्यंत सगळी वाट लोणच्याची बरणी सांभाळावी तशी लेन्स मांडीवर. अजून त्याचा चहासुद्धा आला नव्हता.

"तात्या, आत्ता तर खोक्यातनं काढली. नीट बघा तरी."

"बघितलं. नुसता ठिपका. तोंड कुठलं नि पाठ कुठली, काही कळत नाही. हिच्याहून मोठी कुठली येते?"

कुशलने कपाळाला हात लावला. गच्चीवरच्या कपाटात लेन्सची रांगच होती. पहिली पेल्याएवढी, मग तांब्याएवढी, मग कळशीएवढी. ही नवी तर इतकी लांब की चहा घेऊन वर आलेल्या श्यामलाकाकू म्हणाल्या, "हिच्यावर दोन लुगडी वाळत घालता येतील मला."

तात्यांना हवं होतं ते खाडीच्या पलीकडे, आगरदांड्याच्या अंगाला. तिथे काठावर एक उंच सुरूचं झाड होतं. त्यावर समुद्रगरुडाचं घरटं आहे आणि घरट्यात पिल्लू आहे, असं तात्या सांगायचे. गावात दुसऱ्या कोणाला ते दिसलं नव्हतं. पण दुसऱ्या कोणाकडे एवढी लेन्सही नव्हती, मग वाद घालणार कोण? महिनाअखेर पिल्लू उडून जाणार. त्याच्या आत एकदा, एकदाच, त्याचं तोंड स्वच्छ दिसलं पाहिजे. बस्स, एवढंच.

गावात त्या लेन्सच्या एकेक गोष्टी. सदा न्हावी तर वस्तऱ्याची शपथ घेऊन सांगायचा की मुरुडच्या खानावळीत आज सुरमई आहे की बांगडा, ते तात्यांना गच्चीवरून दिसतं. आणि लोक खरंच जाण्याआधी विचारायला यायचे. तात्या म्हणायचे, "बांगडा." निघायचापण बांगडा.

पण तात्यांना हल्ली कशाचं काही वाटत नसे. आमटीत मीठ नसलं तरी ताट रिकामं. वाडीतल्या कलमांना मोहोर आला, गळला, आंबे पाडाला लागले, तात्या म्हणाले, "हं." नवी लेन्स आली की पहिल्या दिवशी हाताला जरा ऊब यायची. डोळा लावला, दिसलं नाही, की परत सगळं बसून बसून बधिर झालेल्या पायासारखं. आपलंच, पण आपलं नसल्यासारखं.

"समोर बघा ना," कुशल म्हणाला. "माडावर खंड्या बसलाय, निळाशार. आहे त्या लेन्सने काढा की त्याचा फोटो. पहिलीने काढा! ती बिचारी कपाटात बुरशी खातेय."

"तो रोजच असतो."

"ऐकलंस?" काकू म्हणाल्या. "रोज असतो त्याचं कौतुक नाही यांना. मी पण रोजच असते." मग तात्यांकडे वळून, "एवढं आहे तर बोटीत बसा ना. चहा गार व्हायच्या आत पलीकडे. झाडाखाली उभे राहा, मान वर करा, बघा हवं तेवढं."

"जवळ गेलं की उडतं ते."

"कोणी सांगितलं?"

"मला बोट लागते."

"खाडीच्या काठी जन्म गेला नि बोट लागते!" काकूंना हसू आवरेना. "कुशल, तुझे तात्या अलिबागला जायचं तर म्हसळ्याकडून सगळ्या खाडीला वळसा घालून जातात. त्या घाटात ड्रायव्हर ओकतो, पण यांना बोट नको."

तात्यांनी चहा संपवला. साखर नव्हती त्यात. त्यांना कळलं नाही.

"हिच्यापुढची विकत नाही परवडायची," कुशल म्हणाला. "भाड्याने मिळेल. दोन दिवस."

"आण."

"ही शेवटची ना?"

तात्या पलीकडे बघत बसले.

ती लेन्स आली तेव्हा महिना सरत आला होता. जिन्यावरून चढवायला दोघे लागले. श्यामलाकाकू घरी नव्हत्या. श्रीवर्धनला बहिणीकडे पूजा होती, उजाडताच गेल्या होत्या. हल्ली त्या बहिणीकडे सारख्याच जायच्या. "पोळ्या झाकून ठेवल्यात," म्हणाल्या, तात्या म्हणाले, "हं."

हवा स्वच्छ होती. पाण्यावर अजून वाफ धरली नव्हती. तात्यांनी सुरूचा शेंडा धरला. त्याची एकेक सुई दिसत होती.

"दिसलं?" कुशलने विचारलं. तो मागे उभा राहून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत होता.

तात्यांनी लेन्स हळूहळू खाली आणली. फांद्या गेल्या, खोड गेलं.

"तात्या, खाली चाललात. घरटं वर असेल ना?"

तात्यांनी लेन्स आणखी खाली नेली.

झाडाखाली एक कौलारू घर होतं. मागच्या दारी टेम्पो उभा होता. त्यात गाद्या चढल्या होत्या, कपाट चढलं होतं. पायरीवर मैथिली पिशवीचं तोंड बांधत बसली होती. तात्यांची एकुलती एक लेक. बोटीवर तिकिटं फाडणाऱ्या पोराशी लग्न केलं म्हणून तिचं नाव या घरात घ्यायचं नाही, असं तात्यांनीच ठरवलं होतं. तिचं बाळ एका बाईच्या खांद्यावर होतं. बाई पाठमोरी, डोक्यावर पदर.

"वळ," तात्या पुटपुटले. "वळ गं बाई."

बाई वळली. बाळाचं तोंड स्वच्छ दिसलं. दोन दात, गालाला भात. तात्या पुढे झुकले, कॅमेऱ्याला धक्का लागला आणि चित्र हललं. त्यांनी श्वास धरला, परत नीट लावलं.

बाईने बाळाला खाडीकडे तोंड करून धरलं, बरोबर या गच्चीकडे बोट दाखवलं, मग त्याचा इवलासा हात धरून वर केला आणि टाटा केला. वाऱ्याने तिचा पदर खाली पडला.

श्यामला होती ती.