शर्टाची आतली बाजू

संध्याकाळी डॉक्टर दुकानात शिरले, तेव्हा टेलरमास्तरांनी आधी त्यांचा शर्ट पाहिला आणि मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब होती. खिसा जवळजवळ काखेत होता. कॉलर एका कानाला टेकलेली, दुसऱ्यापासून फटकून.

"स्वतः शिवला," डॉक्टर म्हणाले. "बाही काही केल्या बसत नाही. कशी लावता, दाखवा ना."

उद्या सकाळी आठ वाजता हेच डॉक्टर मास्तरांचं पित्ताशय काढणार होते. पूर्वी त्यासाठी बसने सात तास जावं लागे. डॉक्टरांनी ते ऑपरेशन इथे सुरू केलं, तेव्हा थिएटरला दारसुद्धा नव्हतं. उरलेल्या वेळात त्यांना छंद असत. गेल्या वर्षी मधमाश्या होत्या, त्याच्या आदल्या वर्षी अकॉर्डियन. पेशंटांचं म्हणणं, मधमाश्या बऱ्या.

"अहो," कोपऱ्यात काजं करत बसलेली बायको मास्तरांना म्हणाली, "ती सात तासांची बस सकाळी किती वाजता असते?"

"साडेपाच," मास्तर म्हणाले. त्यांना ते पाठ होतं.

"वहिनी, चूक मापाची आहे," डॉक्टर म्हणाले. "मला माप घ्यायची सवयच नाही. आमच्याकडे माणूस आधीच बेतलेला येतो. आपण फक्त उघडायचं आणि बंद करायचं."

"काढा," मास्तर म्हणाले.

डॉक्टर बनियनवर उभे राहिले. मास्तरांनी शर्ट उलटा केला. गिऱ्हाईक बाहेरून बघतं, टेलर आतून. दिव्याखाली धरून ते शिवण बघत गेले, खांद्यापासून काखेपर्यंत, काखेपासून खाली. एक दोरा लोंबत नव्हता. त्यांनी शिवण दोन्ही हातांनी ताणली. मग बायकोने ताणली, जरा रागानेच. शिवण हलली नाही.

"कुठल्या मशीनवर?" मास्तरांनी विचारलं.

"हाताने. मशीनची मला भीती वाटते हो. सुई बोटात गेली म्हणजे?"

मास्तरांनी शर्ट सुलटा करून परत दिला.

"बाही नंतर शिकवतो," ते म्हणाले. "माझे टाके निघाल्यावर."

सकाळी थिएटरमध्ये सिस्टरने चादर बाजूला केली आणि ती थबकली. मास्तरांच्या छातीपासून बेंबीपर्यंत निळ्या खडूची सरळ रेघ होती, पट्टी धरून मारलेली.

"मास्तर, एवढं नाही उघडायचं," डॉक्टर म्हणाले. "इथे, उजवीकडे, बरगडीखाली. आणि तिरकं."

"तिरकं?" मास्तर उठूनच बसायला लागले. "तिरकं कापलं की ताणतं, डॉक्टरसाहेब!"

"कापड ताणतं. तुम्ही झोपा."

मास्तर झोपले. रेघेवर सारख्या अंतराने पाच फुल्या होत्या. डॉक्टर खाली वाकले.

"आणि ह्या?"

"काजं," मास्तर म्हणाले. "आमच्या हिने आखून दिलीत. परत उघडायची वेळ आलीच, तर दर खेपेला कापायला नको."

डॉक्टर हसले नाहीत. मान कलती करून ते फुल्यांकडे बघत राहिले. मग दोन फुल्यांमधलं अंतर त्यांनी बोटांनी मोजलं. पुन्हा एकदा मोजलं.

सिस्टर त्यांच्याकडे अकरा वर्षं होती. ही नजर तिच्या ओळखीची होती. मधमाश्यांच्या आधीही ती अशीच होती. तिने घाईघाईने स्पिरिटचा बोळा उचलला आणि पाचही काजं पुसून टाकली.