नुसत्या गवतवाल्या

कुंपणालगतची उंबरं तोडून तिथे शेड बांधायची, असं काकांनी जाहीर केलं आणि मी आडवी आले. "उंबराचा पाला नि फळं खाऊन मेंढ्या जास्त वाढतात. सिद्ध करून दाखवते, मग झाडांना हात लावायचा नाही!" ठरलं. महिनाभर दहाजणींना गवतासोबत पाला-फळं, दहाजणींना नुसतं गवत.

आज वजनं केली, तर सगळ्या सारख्याच गुटगुटीत! काकांनी हसत कुऱ्हाड उचलली.

"थांबा! नुसत्या गवतवाल्या बिचाऱ्या टकमक बघायच्या, म्हणून मी त्यांना चोरून फळं घालायचे," मी कबूल केलं.

"अगंबाई, तू पण?" आई आणि आजी एकदमच म्हणाल्या.

काकांनी हळूच कुऱ्हाड खाली ठेवली.



"तरीच म्हटलं, मी टाकलेला पाला त्या रोज उष्टा का ठेवायच्या!"