बिनचूक

जळगावच्या ललितला हुंडा नको होता, फक्त फ्रेंच शिकलेली बायको हवी होती. त्याला कॅनडात नोकरी करायची होती. लग्नानंतर सहा महिने मेघा त्याच्याकडून रोज घोकून घ्यायची: माझं घर, माझी आई, माझी बायको. फ्रेंचमध्ये तो हमखास 'माझा बायको' म्हणायचा आणि ती हसून सुधारायची.

आज ऑनलाइन मुलाखत होती. मेघा आणि सासूबाई दाराआड कान लावून उभ्या होत्या. पलीकडच्या बाईने फ्रेंचमध्ये विचारलं, "बायको सोबत येणार का?"

"माझं लग्न झालेलं नाही," ललित फ्रेंचमध्येच म्हणाला.

सासूबाईंनी मेघाला हळूच विचारलं, "बरोबर बोली राहिना ना व तो?"


"हो आई, एकही चूक नाही."